कटिंग रूमचा नाला

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

आजपासून मी हायजीन इनचार्ज. नऊ वर्षं पॅकिंगच्या टेबलाशी उभं राहून काढली, आज पहिल्यांदा बसायला खुर्ची मिळाली. तिचं एक चाक अडतं, पण खुर्ची आहे.

आमची कंपनी साजगावला, गार सँडविच बनवते. एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलला आणि मुंबईतल्या कॉफीच्या दुकानांना इथून माल जातो. काकडी, टोमॅटो, पनीर कटिंग रूममध्ये चिरतात, मग पट्ट्यावरून पॅकिंगला येतं. सकाळची पाळी दोनला सुटते, दुसरी चारला लागते. मधले दोन तास धुण्याचे. त्याला सात बायका आहेत आणि त्यांच्यावर गौराबाई. हत्यारं म्हणजे ब्रश, वायपर, बादल्या आणि नळी.

स्वप्नील सर आमचे प्लांट मॅनेजर. त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. माल तपासणाऱ्या नम्रता मॅडमही बसल्या होत्या. पुढ्यात लॅबचा कागद. कटिंग रूमच्या नाल्यात लिस्टेरिया नावाचा जंतू सापडलाय. पट्टा, सुऱ्या स्वच्छ आहेत. नुसता नाला.

सर म्हणाले, "डिसेंबरात गिऱ्हाइकाचं ऑडिट आहे. त्याआधी नाला क्लीन पाहिजे. मशीन घेऊ. तीन बघ, एक निवड. निवड तुझी, सही पण तुझी."

आतापर्यंत सही फक्त हजेरीला केली होती.

रजिस्टरात नुसत्या टिका मारायच्या असतात. म्हणून ही वही वेगळी.

५ सप्टेंबर

जेवताना छायाला सगळं सांगितलं. तिला चौथा महिना लागलाय. लग्नाला सहा वर्षं झाली, पनवेलचे दोन डॉक्टर झाले, आणि आता कुठे. शिवणकाम तिनं थोडं कमी केलंय, पायाने मशीन चालवलं की कंबर भरते म्हणते.

जंतूचं नाव ऐकून हसायला लागली. "काय म्हनालात? लिस्टेरिया? बारशाला ठेवन्यासारखं नाव हाय की."

मग दोनदा-तीनदा म्हणून बघितलं.

तिला सध्या भाताचा वास चालत नाही. पोटात राहतं ते आमचं काकडी-पनीरचं सँडविचच. लेबल तिरपं बसलेली पाकिटं कंपनी कामगारांना देते, त्यातली दोन मी रोज आणतो. गार खाल्लं की मळमळ थांबते, असं ती म्हणते. माल एक नंबर असतो, नुसतं लेबल वाकडं.

११ सप्टेंबर

आज हुजैफा मशीनं घेऊन आला. खोपोलीच्या बाजारात त्याच्या वडिलांचं, सुलेमानशेटचं, पंप दुरुस्तीचं दुकान होतं. पोरानं आता साफसफाईची मशीनं विकायला सुरुवात केलीय. तिशीचाही नसेल, पण बोलणं जबाबदारीचं.

तीन मशीनं दाखवली. पहिलं फरशी घासायचं, गोल ब्रशवालं. मोकळ्या फरशीवर झकास, पण टेबलाखाली जाईना आणि नाल्यात तर नाहीच. दुसरं फेसाचं. साबणाचा दाट फेस भिंतीवर, टेबलावर मारायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, मग हलक्या पाण्यानं उतरवायचा. नाला मात्र हातानं, त्याच्या वेगळ्या ब्रशनं घासायचा. गौराबाईंना हे आवडलं. सरांनी घड्याळ बघितलं.

तिसरं जेट, जोराच्या पाण्याचा फवारा मारणारं. हुजैफा त्याला बाहेर क्रेट धुवायला नेत होता. सर म्हणाले, आतच दाखव. त्यानं नळी नाल्याकडे वळवली आणि आठ वर्षांचा काळा थर फाट्दिशी उडाला. खालची लादी पिवळी होती! मला वाटायचं ती करडीच आहे. बायका ओरडल्याच, अगं बाई!

हुजैफानं लगेच बंद केलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ऋषीभाऊ, हे आत नका वापरू. नाल्यातलं पानी उडतं, त्याचं धुकं होतं. ते कुठं जाऊन बसंल कुनी सांगावं? खान्याच्या ठिकानी फेसवालंच बरं."

"तुझं मशीन नको असं तूच सांगतोस?"

"अब्बा बोलतात, गिऱ्हाईक परत यायला पायजे, मशीन नाय."

१४ सप्टेंबर

जेटवर सही केली.

खरं कारण इथे लिहितो. फेसात वेळ जातो हे खरंच आहे, दोन तासांत बसवणं अवघड. पण ते कारण नव्हे. त्या दिवशी पिवळी लादी दिसली तेव्हा सर माझ्याकडे बघून हसले होते. आणि ते मशीन हातात घेतलं की माणूस काहीतरी करतोय असं दिसतं. फेस मारून पंधरा मिनिटं उभं राहणाऱ्याला इनचार्ज कोण म्हणेल?

हुजैफाला फोन केला. म्हणालो, बाहेर क्रेटला वापरणार. नाहीतर त्यानं दिलंच नसतं.

२४ सप्टेंबर

जेट स्वतः चालवतो. दोनला पाळी सुटली की बूट, एप्रन घालून मी आत. कटिंग रूम आरशासारखी दिसते. सर गिऱ्हाइकाच्या माणसाला घेऊन दारापर्यंत आले होते. तो म्हणाला, नवीन लादी टाकली का?

गौराबाईंची एक कटकट आहे. "नाल्याचं पानी तोंडावर उडतंय, दादा. व्हटावर येतंय." त्यांना चष्मे आणि मास्क दिले. पट्ट्यावर बारीक थेंब बसतात, ते वाळून जातात. नुसतं पाणी आहे.

७ ऑक्टोबर

लॅबचा कागद आला. नाला तसाच. आणि आता पट्टाही.

मला कळेना. इतकं धुतल्यावर वाढतं कसं? नम्रता मॅडमना विचारलं. म्हणाल्या, नमुना घेताना चूक झाली असेल, परत पाठवते. मी म्हणालो, तोवर आपण एकदाऐवजी दोनदा मारू. सकाळी पाळी सुरू होण्याआधी एकदा, दुपारी एकदा. सर म्हणाले, गुड.

घरी सांगितलं तर छाया म्हणाली, "म्हंजी तुमची ती लिस्टेरिया तुमच्यावर रुसली जनू." बाळ हलायला लागलंय. माझा हात धरून पोटावर ठेवला, पण मला काही लागलं नाही. ती म्हणाली, तुमच्या हाताला मशीनच्या थरथरीची सवय झालीय, कसं कळणार.

१९ ऑक्टोबर

पट्टा, पनीर कापायचं यंत्र, आणि छताला लावलेल्या कूलरची जाळी. छतावर! तिथे तर कुणाचा हातही पोचत नाही.

गौराबाई कागदाकडे बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण माझ्या तोंडावरून कळलं असावं. म्हणाल्या, "पयलं ते नाल्यात गप पडलं व्हतं, दादा. आपनच त्याला वर चढवलंय."

मी सगळ्यांदेखत त्यांना बोललो. म्हणालो, तुमच्या ब्रशांनी आठ वर्षं काय दिवे लावले ते पिवळ्या लादीवरून दिसलं. त्या बादली उचलून गेल्या. वयानं माझ्या आईएवढ्या आहेत. बोलायला नको होतं. पण अडाणी बाईनं मला शिकवायचं म्हणजे.

जाळीपर्यंत पोचेल अशी लांब नळी मागवली.

६ नोव्हेंबर

दिवाळीनंतरचा पहिला कागद. नम्रता मॅडमनी दार लावून घेतलं.

मालात सापडलाय. तीन पाकिटांत. काकडी-पनीर.

त्या रडायच्या बेतात होत्या. त्यांनी त्यांच्या कॉलेजच्या बाईंना फोन करून विचारलं होतं. जेटनं नाल्यातला जंतू बारीक थेंबांत चढून हवेत जातो, तासभर तरंगतो आणि खाली जे असेल त्यावर बसतो. गार जागेत तो मरत नाही, उलट हळूहळू वाढतो. फ्रिजमध्येसुद्धा.

मी विचारलं, यानं होतं काय?

"धडधाकट माणसाला फार काही नाही. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना..." मग त्यांना आठवलं. माझ्याकडे बघवेना त्यांना. "आणि गरोदर बायकांना. ऋषीदादा, तुम्ही घरी पाकिटं नेत नव्हता ना?"

मी म्हणालो, नाही.

घरी आलो. फ्रिजमध्ये दोन होती. पिशवीत घालून रेल्वेच्या पलीकडे टाकून आलो. छायानं विचारलं, "आज नाय आनलं?" म्हणालो, आता कामगारांना द्यायचं बंद केलंय. ती म्हणाली, "मग मी काय खाऊ वो?" मी तिला खिचडी करून दिली. अर्धी खाल्ली.

८ नोव्हेंबर

जेट बंद केलं. हुजैफाकडून फेसाचं मशीन भाड्यानं आणलं. तो स्वतः घेऊन आला, नाला बघितला, छताची जाळी बघितली. मला वाटलं आता बोलेल. त्यानं गुडघे टेकून नाल्याच्या कडेच्या लाद्या वाजवून बघितल्या. दोन पोकळ वाजल्या.

"याच्या खाली पानी मुरतंय, ऋषीभाऊ. घर तिथं हाय त्याचं. हे फोडून नवीन केल्याशिवाय कुठलंच मशीन कामाचं नाय. माझं पन नाय."

सरांना सांगितलं. त्याला आठ दिवस प्लांट बंद ठेवावा लागेल. सर म्हणाले, ऑडिट झाल्यावर बघू. ती तीन पाकिटं ज्या बॅचची होती ती कधीच खपलीय.

गौराबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, दादा. माजं काय, मी तर पुसनारी."

२१ नोव्हेंबर

छायाला ताप. अंग दुखतंय, कंबर दुखतेय. खोपोलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हवा बदललीय म्हणाले, सगळीकडे साथ आहे. मी त्यांना पाकिटांचं सांगायला तोंड उघडलं होतं. छाया शेजारीच बसली होती. पंधरा दिवसांपासून ती ते खातही नाही. साधा ताप असेल.

२४ नोव्हेंबर

ताप उतरला. आज भाकरी खाल्ली. उगाच जीव खाल्ला मी स्वतःचा. तिच्या माहेरी, कशेळ्याला, आठ डिसेंबरला डोहाळजेवण ठरलंय. सासूबाईंनी हिरवी साडी घेऊन ठेवलीय. फेसानं धुतल्यानंतरचे नमुने लॅबला गेलेत.

३ डिसेंबर

सकाळी छाया म्हणाली, "कालपासनं हललं नाय."

संध्याकाळी मोकळी झाली. मुलगी होती.

६ डिसेंबर

डॉक्टरांनी रक्त पनवेलला पाठवलं होतं. आज रिपोर्ट आला. खाटेपाशी उभं राहून त्यांनी भराभर इंग्रजीत सांगितलं. एक शब्द मला कळला.

मी विचारलं, हे कधी गेलं असेल पोटात? ते म्हणाले, सांगता येत नाही, कधी आठ दिवस, कधी दोन महिनेसुद्धा. गार, न शिजवलेलं काही खाण्यात आलं होतं का? मी म्हणालो, आठवत नाही.

छाया भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं ऐकलं नसावं. ऐकलं तरी इंग्रजीतलं तिला काय कळणार? एक बरं झालं. तिला कधीच कळू द्यायचं नाही. हे माझ्यापाशी आणि या वहीपाशी राहील. तिनं दुःख करावं ते नशिबाचं. माणसाचं केलं की त्याला शेवट नसतो.

१० डिसेंबर

सासूबाई तिला कशेळ्याला घेऊन गेल्या. बाळंतिणीसारखीच काळजी घ्यायची असते म्हणाल्या, सव्वा महिना. बरोबरच आहे.

निघण्याआधी छायानं फ्रिज रिकामा केला. उभं राहवत नव्हतं तरी. एकेक कप्पा बाहेर काढून साबणानं धुतला, उकळतं पाणी ओतलं, पुसून कोरडा केला. मी म्हणालो, अगं राहू दे, मी करतो. ती म्हणाली, "तुमी नका हात लावू."

रिक्षात बसल्यावर विचारलं, "ते मशीन अजून हाय का कंपनीत?"

"बंद करून ठेवलंय."

"कधीपासनं?"

"महिना झाला."

तिनं मान हलवली. एवढ्या दुःखातही माझ्या कामाची चौकशी करते. मला भरून आलं.

१८ डिसेंबर

ऑडिट झालं. त्यांनी स्वतः नमुने घेतले होते. माल बंद केला, करार संपला. प्लांटला कुलूप लागलं. फाटकावर कागद लावलाय, देखभालीसाठी बंद. लाद्या आता फोडणार आहेत म्हणे. कोणासाठी?

ऑडिटवाल्यांनी विचारलं, जेट आत वापरायचं कुणी ठरवलं? सरांनी फाइल उघडून माझी सही दाखवली. खोटं काही केलं नाही त्यांनी. ते ओशाळलेही नव्हते. मी म्हणालो, हो, माझीच निवड.

साठ माणसं घरी बसली. गौराबाई फाटकाबाहेर भेटल्या. त्यांना माझ्या घरचं कळलं होतं. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला आणि साजगावच्या रस्त्याला लागल्या. मला वाटलं, त्यांनी चार शिव्या द्यायला हव्या होत्या.

२९ डिसेंबर

कशेळ्याला जाऊन आलो. सासूबाईंनी ओटीवर बसवलं, चहा दिला. छाया झोपलीय म्हणाल्या. दोन तास बसलो. उठवू का विचारलं तर म्हणाल्या, "नको. आता कुटं डोळा लागतोय तिचा." बरं वाटलं. इथे असताना तिला झोपच नव्हती. फळं ठेवून परत आलो.

रिकामा वेळ फार होतो. घर दोनदा पुसतो.

९ जानेवारी २०२५

हुजैफा आला होता. म्हणाला, दुकानात माणूस पाहिजे, कंपन्यांत जाऊन मशीन दाखवायला, कुठे काय चालतं ते समजावायला. "तुमच्यायेवढं कुनाला माहीत हाय आता?" टोमणा नव्हता तो. त्याच्या मनात तसलं काही नसतं.

पण मी लोकांपुढे उभा राहून काय सांगू? हे घ्या, हे घेऊ नका? लोक त्या पिवळ्या लादीकडेच बघणार. मी त्याला म्हणालो, छाया आली की दोघं मिळून ठरवू. त्यानं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. म्हणाला, "बरं. भाभीला सलाम सांगा."

१५ जानेवारी

सासूबाईंचा फोन. छायानं शिवणाचं मशीन मागितलंय. आणि दहावी-बारावीची सर्टिफिकेटं, आधार कार्ड, कपाटातल्या तिच्या साड्या. मला फार आनंद झाला. शिवायला बसावंसं वाटतंय म्हणजे मन सावरतंय. मशीनला तेल घातलं, गोधडीत गुंडाळलं आणि टेंपोतून पाठवलं. साड्यांबरोबर तिची मोजमापांची वहीही ठेवली, ती मागायला विसरली होती.

तिच्याशी बोलायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, पाणी भरायला गेलीय.

२१ जानेवारी

पुन्हा फोन आला होता. रेशनकार्डावरचं छायाचं नाव कमी करून दाखला पाठवा, म्हणजे तिचं नाव भावाच्या कार्डावर चढवता येईल. बरोबर आहे, तिकडे राहायचं तर तिच्या वाटचं धान्य तिकडे मिळालेलं बरं. त्यांच्यावर भार कशाला.

म्हणून आज खालापूरला गेलो. तहसील कचेरीत पुरवठ्याच्या खिडकीशी रांग होती. फॉर्म घेतला, भरला. सोबत जोडायच्या अर्जावर तिची सही आधीच होती. सासूबाईंनी कोऱ्या कागदावर करून घेऊन पाठवली होती. वळणदार, एकही रेघ हललेली नाही. तब्येत सुधारलीय.

कारकून बाईंनी फॉर्म वाचला. "नाव कमी करायचं कारण?"

"माहेरी राहतेय. तात्पुरती."

"तात्पुरतं असं काही नसतं याच्यात. लग्न, मृत्यू नाहीतर कायमचं स्थलांतर. बोला."

मागची माणसं खोळंबली होती. मी म्हणालो, मग स्थलांतर लिहा. फॉर्मपुरतं.

त्यांनी लिहिलं, शिक्का मारला. दाखला उद्या कशेळ्याला पाठवेन. आता कार्डावर मी एकटा आहे. छाया आली की परत रांगेत उभं राहावं लागेल. तेव्हा मात्र सकाळी लवकर जाईन.